परतीच्या अटी : मार्शल द्वीपसमूहातील पुनर्वसनाचा इतिहास

प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेस असलेल्या मार्शल द्वीपसमूहात १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने ६७ अण्वस्त्रचाचण्या केल्या आणि त्यांतील जवळजवळ सर्व चाचण्या बिकिनी व एनेवेटाक या दोन ठिकाणी झाल्या. या प्रकरणाचा इतिहास बहुधा स्फोटांचा आणि विस्थापनाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. त्याचा उत्तरार्ध, म्हणजे हलवलेली माणसे कोणाच्या शब्दावर आणि कोणत्या अटींवर परत गेली, त्यांतील काहींना पुन्हा बाहेर का पडावे लागले आणि दूषित भूमीवर राहणाऱ्यांसाठी टिकाऊ संरक्षक तरतुदी कशा आकाराला आल्या, हा मात्र मागे पडला. १९५७ साली रोंगेलाप, १९७२ साली बिकिनी आणि १९८० साली एनेवेटाक अशा तीन ठिकाणी लोक वर्षानुवर्षांच्या विस्थापनानंतर परतले. पहिल्या दोन ठिकाणी अधिकाऱ्यांनी बेट सुरक्षित असल्याचे जाहीर करणे एवढीच काय ती तरतूद होती. पुढे जे काही पक्के झाले त्याचे श्रेय विज्ञानाच्या प्रगतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या घोषणेवर विसंबून राहायला नकार देणाऱ्या बेटवासीयांकडे जाते.

हा नकार समजण्यासाठी प्रथम जमिनीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. ही तिन्ही ठिकाणे कंकणद्वीपे आहेत. म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळांनी रचलेले कडे, त्या कड्यावर ठिकठिकाणी वर आलेल्या अरुंद जमिनीच्या पट्ट्या आणि मधोमध शांत पाण्याचे खारकच्छ, अशी त्यांची रचना असते. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आणि क्षेत्रफळाने इतकी थोडी, की ती कोणाच्या वाट्याला कशी यावी याचे नियम फार काटेकोर झाले. मार्शल समाजात जमिनीचा हक्क आईच्या कुळाकडून येतो आणि माणसाची ओळख त्या जमिनीशी बांधलेली असते, त्यामुळे एका बेटाच्या बदली दुसरे बेट देणे हा व्यवहार तेथे कोणालाच पुरा वाटत नाही. आहारही त्याच जमिनीचा आणि पाण्याचा : नारळ, निरफणस, केवड्याच्या कुळातील पँडॅनसची फळे, आरारूट, मासे आणि झाडावर चढणारा मोठा नारळखेकडा. माडाची गोड नीरा लहान मुलांनाही देत आणि सुके खोबरे हे रोख पैशाचे मुख्य साधन होते. थोडक्यात, माडाशिवाय या बेटांवरचा संसार चालत नव्हता, आणि पुढे हाच माड विषाची वाट ठरला.

मार्च १९४६ मध्ये बिकिनीच्या १६७ रहिवाशांना रोंगेरिक या ओसाड बेटावर नेण्यात आले. स्थलांतर तात्पुरते आहे आणि चाचण्या मानवजातीच्या कल्याणासाठी आहेत, असे त्यांना त्यांच्या प्रमुखामार्फत, ज्यूडामार्फत, सांगितले गेले. रोंगेरिकवर अन्न अपुरे होते आणि खारकच्छातील काही मासे विषारी होते. १९४८ च्या प्रारंभी मानववंशशास्त्रज्ञ लेनर्ड मेसन तेथे पोहोचला तेव्हा लोक उपासमारीच्या काठावर होते. तेथून क्वाजालीनच्या लष्करी तळावर आणि त्याच वर्षाच्या अखेरीस किली बेटावर त्यांची रवानगी झाली. किलीला खारकच्छच नाही, त्यामुळे वर्षातील कित्येक महिने लाटांतून होडी काढता येत नाही आणि मासेमारीत मुरलेल्या समाजाला डबाबंद अन्नावर जगावे लागते. एनेवेटाकच्या लोकांना डिसेंबर १९४७ मध्ये उजेलांगवर पाठवण्यात आले. तेही तेथे तीन दशकांहून अधिक काळ राहिले.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर झालेला 'ब्राव्हो' हा स्फोट सुमारे १५ मेगाटनांचा, म्हणजे अपेक्षेच्या अडीचपट निघाला. त्याची पांढरी राख पूर्वेकडील रोंगेलाप, आयलिंगिने, रोंगेरिक आणि उटिरिक या बेटांवर पडली. रोंगेलापच्या लोकांना बाहेर काढण्यास दोन दिवसांहून अधिक वेळ लागला. जपानी मासेमारी जहाज 'दाइगो फुकुर्यू मारू'वरील २३ खलाशीही याच राखेत सापडले आणि त्यांतील एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली ती याच पार्श्वभूमीवर. त्याच महिन्यात मार्शल द्वीपवासीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे एक अर्ज पाठवला, कारण ही बेटे संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त प्रदेशाचा भाग म्हणून अमेरिकेच्या कारभाराखाली होती. या अर्जाकडे नंतरच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही. चाचण्या ताबडतोब बंद कराव्यात ही पहिली मागणी होती. त्या अटळच असतील तर माणसे व त्यांची मालमत्ता आधी सुरक्षित अंतरावर न्यावी, लोकांना संरक्षणाचे उपाय शिकवावेत आणि घरदार सोडावे लागणाऱ्यांसाठी पुरेसा निधी बाजूला काढून ठेवावा, असे पुढे म्हटले होते. स्थानिक ज्ञान आणि राखीव निधी ही नंतरच्या तरतुदींची दोन अंगे बेटवासीयांनी १९५४ सालीच कागदावर मांडली होती; ती मान्य व्हायला तीन-चार दशके गेली.

उटिरिकच्या लोकांना काही महिन्यांतच परत पाठवण्यात आले. रोंगेलापचे लोक जून १९५७ मध्ये परतले. त्यांच्यासोबत १९५४ मध्ये बेटावर नसलेले नातेवाईकही होते आणि परतणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे अडीचशे होती. अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने बेट राहण्यायोग्य ठरवले होते. नारळखेकडा खाऊ नये, एवढाच काय तो निर्बंध. ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे वैद्यकीय पथक दरवर्षी येई, रक्त व लघवीचे नमुने घेई आणि परत जाई. या लोकांच्या तेथील वास्तव्यामुळे माणसांवरील किरणोत्सर्गाची मोलाची माहिती मिळेल, असे पथकाच्या एका जुन्या अहवालात नोंदलेले आहे. ते वाक्य पुढे लोकांच्या हाती आले तेव्हा आपल्याला उपचारांसाठी नव्हे तर निरीक्षणासाठी परत आणले, ही त्यांची समजूत पक्की झाली. त्या समजुतीचा प्रतिवाद आजवर अनेकदा झाला. पण आरोग्यतपासणी करणारी संस्था आणि बेट सुरक्षित ठरवणारी संस्था एकाच छत्राखाली असतील तर अशी समजूत टाळता येत नाही, हे त्या प्रतिवादांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. १९६३ पासून कंठस्थ ग्रंथीच्या गाठी दिसू लागल्या, आणि स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या रोंगेलापच्या बहुसंख्य मुलांना पुढे तो विकार झाला.

बिकिनीचा प्रसंग याहून बोधक आहे, कारण तेथे चूक कोठे झाली हे नेमके दाखवता येते. ऑगस्ट १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बिकिनीवासीयांना परतता येईल असे जाहीर केले. १९६९ मध्ये मलबा काढला गेला, नव्याने माड, निरफणस आणि पँडॅनस लावले गेले, घरे बांधली गेली आणि १९७२ पासून काही कुटुंबे राहू लागली. पूर्ण समाजाने मात्र ग्रामसभेत परतण्यास होकार दिला नव्हता. ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे, असे ठरले होते. आयोगाच्या सुरक्षिततेच्या हिशेबात स्थानिक नारळाचा खप वास्तवाहून फार कमी धरला होता. नवे माड फळाला आले, लोक ते खाऊ-पिऊ लागले आणि शरीरातील सिझियम-१३७ वेगाने वाढले.

यामागची प्रक्रिया थोडी उकलून पाहण्यासारखी आहे. सिझियम-१३७ हा अणुविभाजनातून निर्माण होणारा किरणोत्सारी पदार्थ असून त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू नष्ट होण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षे आहे. रासायनिकदृष्ट्या तो पोटॅशियमचा भाऊबंद आहे. खंडप्राय भूमीवरील चिकणमाती सिझियमला कणांत धरून ठेवते, म्हणून पिकांत तो मर्यादित प्रमाणात उतरतो. प्रवाळबेटाची माती मात्र शंख-शिंपले आणि प्रवाळांच्या भुग्याची, चुनखडीप्रधान असते. तीत चिकणमाती नसते आणि पोटॅशियमचीही टंचाई असते, त्यामुळे पोटॅशियमच्या शोधात असलेली मुळे हाती लागेल तो सिझियम उचलतात. उलट, कॅल्शियमशी साधर्म्य असलेला आणि हाडांत साठणारा स्ट्राँशियम-९० तेथे झाडांत कमीच शिरतो, कारण मातीत कॅल्शियमची रेलचेल असते. म्हणजे खंडावरील शेतांच्या अनुभवावरून बांधलेले आडाखे या मातीला लागू पडत नव्हते आणि खंडावरील माणसाच्या ताटावरून बांधलेले आडाखे या माणसांना लागू पडत नव्हते.

१९७५ मध्ये बिकिनीवासीयांनी अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. नुकसानभरपाई ही त्यातील मुख्य मागणी नव्हती. उत्तरेकडील बेटांचे पूर्ण शास्त्रीय सर्वेक्षण व्हावे आणि त्याआधी कोणालाही तेथे राहण्यास भाग पाडू नये, ही होती. सर्वेक्षण कोणी व कसे करायचे यावर सरकारी खात्यांतच वाद चालू असताना, दिवसाला एकाहून अधिक नारळ खाऊ नये असा सल्ला तेथील रहिवाशांना मिळाला. नारळाच्या बेटावर राहणाऱ्याला असा सल्ला देणे म्हणजे ते बेट राहण्यायोग्य नाही, हे आडवळणाने मान्य करणेच होते. १९७८ मध्ये शरीरातील सिझियमची पातळी एका वर्षात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आणि त्याच वर्षी १३९ जणांना पुन्हा बाहेर काढण्यात आले. तेव्हापासून बिकिनीवर कायमची वस्ती झालेली नाही.

त्याच सुमारास एनेवेटाकवर वेगळ्या पद्धतीचा प्रयोग चालू होता. १९७७ ते १९८० या काळात सुमारे ४,००० सैनिकांकरवी तेथील बेटांची सफाई करण्यात आली. राहण्याची, शेतीची आणि केवळ अन्न गोळा करण्याची अशी बेटांची तीन वर्गांत विभागणी करून प्रत्येक वर्गासाठी मातीतील प्लुटोनियमची वेगळी मर्यादा ठरवली गेली. मर्यादेबाहेरची माती खरवडून सिमेंटमध्ये कालवली गेली आणि रुनिट बेटावर १९५८ च्या 'कॅक्टस' स्फोटाने पडलेल्या खड्ड्यात भरली गेली. ७३ हजार घनमीटरांहून अधिक अशा या भरावावर सुमारे ४६ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे घुमटाकार झाकण बसले. खड्ड्याच्या तळाला मात्र कोणतेही अस्तर घातले नव्हते, आणि प्रवाळ सच्छिद्र असल्यामुळे भरती-ओहोटीबरोबर आतले भूजल वर-खाली होते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षे आहे. घुमटाखाली असलेल्यापेक्षा कितीतरी अधिक प्लुटोनियम खारकच्छाच्या गाळात उघडेच पडले आहे, म्हणून घुमट गळला तरी मोठा फरक पडणार नाही, असा सरकारी युक्तिवाद पुढे वारंवार केला गेला. तो संख्येच्या दृष्टीने बरोबर असेल. परंतु सफाईच्या यशाचे प्रमाणपत्र म्हणून तो विचित्रच म्हणावा लागेल.

१९८० मध्ये लोक परतले ते दक्षिणेकडील बेटांवर. एनेवेटाकचा समाज पूर्वापार दोन शाखांचा : एक दक्षिणेचा, दुसरा उत्तरेच्या एन्जेबी बेटाचा. एन्जेबी वस्तीसाठी अयोग्य ठरल्याने त्या शाखेला नातलगांच्या जमिनीवर राहावे लागले. शिवाय ओरबाडलेल्या, धावपट्ट्यांनी व्यापलेल्या दक्षिणेकडील बेटांवर पुरेसे अन्न पिकेना, म्हणून आयात अन्न पुरवणारा आणि माती सुधारून झाडे लावणारा कार्यक्रम अमेरिकी निधीतून सुरू करावा लागला. हा कार्यक्रम त्या काळी तात्पुरती सोय मानला जाई. मात्र परतलेल्या समाजाला अन्नाची हमी वर्षानुवर्षे लागते, हे पुनर्वसनाच्या खर्चात प्रथमच नोंदले गेले ते त्याच्यामुळे.

दरम्यान रोंगेलापमध्ये १९८२ साली एक द्वैभाषिक सरकारी अहवाल पोहोचला. मार्शली भाषेत छापलेल्या त्या नकाशांवरून लोकांना प्रथमच दिसले, की आपण ज्या उत्तरेकडील बेटांवर खेकडे आणि पक्षी गोळा करायला जातो त्यांची पातळी बिकिनीच्या तोडीची आहे. संसद सदस्य जेटन अंजाइन यांनी अमेरिकी सरकारकडे स्थलांतराची मागणी केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा मे १९८५ मध्ये 'ग्रीनपीस'च्या 'रेनबो वॉरियर' जहाजातून तीनशेहून अधिक लोक घरांच्या फळ्यांसह क्वाजालीनच्या मेजाट्टो बेटावर गेले. यानंतरच्या दोनच महिन्यांत ते जहाज ऑकलंडच्या बंदरात फ्रेंच हेरांनी उडवले, ही गोष्ट वेगळी आणि अधिक प्रसिद्ध. अधिकाऱ्यांनी हे स्थलांतर अनावश्यक ठरवले. परंतु पुनर्वसनाच्या इतिहासात त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण बाहेर पडलेल्या समाजाला परतण्यासाठी अटी घालता येतात. आत असलेल्याला त्या घालणे फार कठीण जाते.

फेब्रुवारी १९९२ मध्ये रोंगेलापची स्थानिक शासनसंस्था, मार्शल द्वीपसमूहाचे सरकार आणि अमेरिकेची ऊर्जा व अंतर्गत कारभाराची खाती यांच्यात एक सामंजस्य करार झाला. त्यात ठरले, की परतलेली व्यक्ती केवळ स्थानिक अन्नावर जगली तरी तिला नैसर्गिक पातळीपेक्षा वर्षाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये. मिलिसिव्हर्ट हे शरीरावर होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या परिणामाचे एकक असून सामान्य नागरिकासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट अशीच आहे. पण येथे खरा बदल 'केवळ स्थानिक अन्न' या शब्दांत होता. बिकिनीच्या हिशेबात आयात तांदूळ आणि डबाबंद मांस गृहीत धरून नारळ आटवला गेला होता. या करारात जहाज न येण्याची, पैसे संपण्याची आणि माणसाने आजोबांसारखे जेवण्याची शक्यता गृहीत धरून मर्यादा आखली गेली. १९९६ मध्ये पुनर्वसनासाठी ४.५ कोटी डॉलरचा विश्वस्त निधी मान्य झाला.

प्रत्यक्ष उपाय दोन होते आणि दोन्ही लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या बिकिनीवरील दीर्घ प्रयोगांतून आले होते. पहिला उपाय वस्तीच्या जागेतील वरचा मातीचा थर काढून तेथे प्रवाळाची खडी पसरण्याचा. त्यामुळे घराभोवती वावरणाऱ्यांना, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना, बाहेरून मिळणारी मात्रा कमी होते. सगळ्या बेटाचीच माती काढावी असा आग्रह काही काळ बिकिनीवासीयांचाही होता, परंतु तसे केल्यास शतकानुशतके साचलेला पातळ सेंद्रिय थर जाऊन उरलेल्या वाळूत काहीच उगवणार नाही, ही भीती रास्त होती. दुसरा उपाय उरलेल्या जमिनीवर पोटॅशियम क्लोराइड घालण्याचा. महाराष्ट्रातील ऊस पिकवणारा शेतकरी जे लालसर पोटॅश पोत्याने आणतो, तेच हे खत. मातीत पोटॅशियम मुबलक झाले की झाड सिझियम उचलेनासे होते आणि नारळातील सिझियम मूळ प्रमाणाच्या सुमारे एक-दशांशापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. शिवाय उत्पन्न वाढते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बिकिनीविषयक अहवालाने १९९८ मध्ये याच उपायाची शिफारस केली आणि तो न करता केवळ स्थानिक अन्नावर राहिल्यास वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळू शकेल, म्हणून आहे त्या स्थितीत कायमची वस्ती करू नये, असे सांगितले. या उपायाची मेख अशी, की पोटॅश सिझियमला नष्ट करत नाही, झाडापासून दूर ठेवते. पावसाने खत वाहून गेले की ते पुन्हा घालावे लागते. पाऊस थोडा सिझियमही भूजलात वाहून नेतो ही जमेची बाजू, तरीही खताचे काम पिढीभर चालवावे लागणार हे स्पष्ट होते.

म्हणून तिसरी तरतूद पुढे आली ती सतत मोजण्याची. होल-बॉडी काउंटर नावाच्या यंत्रासमोरच्या खुर्चीत माणूस काही मिनिटे बसला की त्याच्या शरीरातील सिझियम बाहेर पडणाऱ्या किरणांवरून मोजता येते. पूर्वी हे यंत्र जहाजावरून येई आणि आकडे अमेरिकेत जात. १९९९ मध्ये रोंगेलापवर, २००१ मध्ये एनेवेटाकवर आणि २००३ मध्ये राजधानी माजुरो येथे कायमची केंद्रे उभी राहिली. ती चालवण्यासाठी मार्शली तंत्रज्ञ तयार झाले आणि तपासणी ऐच्छिक ठरून निकाल तपासून घेणाऱ्याच्या हाती मिळू लागला. १९५७ च्या वार्षिक नमुन्यांपासून इथपर्यंतचे अंतर यंत्राच्या अचूकतेत मोजण्यापेक्षा आकडा कोणाचा या प्रश्नात मोजणे अधिक योग्य ठरेल.

पैशाची बाजू मात्र सर्वांत कच्ची राहिली. १९८६ मध्ये अमलात आलेल्या मुक्त सहचर्य कराराने मार्शल द्वीपसमूह स्वतंत्र झाला, परंतु त्याच कराराच्या १७७ व्या कलमाने १५ कोटी डॉलरचा निधी देऊन चाचण्यांसंबंधीचे सर्व दावे निकाली निघाल्याचे मान्य करून घेतले. या निधीतून चालणाऱ्या न्यायाधिकरणाने २००० मध्ये एनेवेटाकला सुमारे ३२.५ कोटी आणि २००१ मध्ये बिकिनीला सुमारे ५६.३ कोटी डॉलर मंजूर केले. सफाईचा खर्च ठरवताना त्याने अमेरिकेतील स्वच्छतेसाठी तेथील पर्यावरण संस्था लावते तोच वर्षाला ०.१५ मिलिसिव्हर्टचा निकष धरला, कारण बेटवासीयांचा जीव कमी मोलाचा मानण्याचे कारण त्याला दिसले नाही. निवाडे झाले, तिजोरीत पैसे नव्हते. बिकिनीच्या वाट्याला मंजूर रकमेचा एक टक्काही आला नाही. अधिक निधीसाठी २००० मध्ये केलेला अर्ज अमेरिकी प्रशासनाने अमान्य केला आणि २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बिकिनीचे अपील ऐकण्यास नकार दिला. २०१४ मध्ये मार्शल द्वीपसमूहाने निःशस्त्रीकरणाच्या प्रश्नावर नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, तेव्हा प्रतिवाद्यांत भारतही होता. १९५४ मध्ये चाचणीबंदीची मागणी करणाऱ्या देशाला आता अधिकारक्षेत्र नसल्याचा युक्तिवाद करावा लागला आणि २०१६ मध्ये तो मान्यही झाला.

बिकिनीच्या पुनर्वसन निधीवरील अमेरिकी अंतर्गत खात्याची देखरेख २०१७ मध्ये उठली. स्वतःचा पैसा स्वतः हाताळण्याचा हक्क ही जुनी आणि न्याय्य मागणी होती, पण खर्चाला आवर घालणारी दुसरी कोणतीही यंत्रणा तिच्या जागी आली नाही आणि त्या वेळी सुमारे ५.९ कोटी डॉलर असलेला निधी २०२३ पर्यंत जवळजवळ संपला. रोंगेलापवर रस्ते, वीज, धावपट्टी आणि घरे तयार आहेत, तरी बहुतेक लोक परतलेले नाहीत. मुलांच्या शाळा, नोकऱ्या आणि दवाखाने माजुरो किंवा क्वाजालीनमधील इबाय येथे आहेत, आणि उत्तरेकडील बेटांची सफाई झालेली नसल्याने जुन्या पद्धतीने अन्न गोळा करायला जाता येईल याची खात्री कोणी देत नाही. रुनिटच्या घुमटाची ठरावीक काळाने पाहणी करणे आणि त्याखालील भूजल तपासणे अमेरिकी ऊर्जा खात्यावर २०१२ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने बंधनकारक झाले. घुमटाची मालकी आणि जबाबदारी मात्र १९८६ च्या कराराने मार्शल सरकारकडे गेली, अशी अमेरिकेची भूमिका आहे, तर जे आपण बांधले नाही आणि ज्याची दुरुस्ती आपल्याला परवडणार नाही ते आपले कसे, असे माजुरोचे म्हणणे आहे. मार्च २०२४ मध्ये मुक्त सहचर्य कराराचे पुढील २० वर्षांसाठी नूतनीकरण झाले तेव्हा दूषित बेटांसाठी काही निधी नव्याने ठेवला गेला. १७७ वे कलम होते तसेच राहिले.